ऋतुकालातील साधने आणि शाळेतील आरोग्यशिक्षण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



संमेलनात महिला शाखेला दरवर्षी अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात आजवर बचत झाली, बालसंगोपन झाले, वधूवर-सूचक मंडळाचे अहवाल झाले. यंदाच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापावे की नाही याचा कार्यकारिणीत बराच खल झाला आणि शेवटी ‘आरोग्यविषयक विचार’ असे मोघम शब्द छापले गेले. आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाही. परंतु ज्या गोष्टीचे नाव छापताना प्रौढ माणसे अडखळतात, ती गोष्ट तेरा वर्षांची मुलगी शाळेत कोणाला आणि कशी विचारणार, एवढा प्रश्न मनात ठेवून पुढचे ऐकावे, अशी विनंती आहे.

विषय आहे मुलींच्या मासिक पाळीत वापरावयाच्या साधनांचा. त्यांची निवड, वापर आणि विल्हेवाट निर्धोकपणे कशी करावी हे शाळेत शिकविण्याचा. आजच हा विषय घेण्याचे कारण असे की, मंडळाच्या शैक्षणिक निधीतून हायस्कूलच्या मुलींना सॅनिटरी पॅडची पाकिटे वाटावीत, असा ठराव दुपारच्या सभेपुढे येत आहे. ठराव स्तुत्य आहे. त्याला आमचा विरोध नाही. मात्र पाकीट हाती दिले की कर्तव्य संपले, असे जर आपण मानणार असू तर निम्मेच काम होईल. आणि काही बाबतींत निम्मे काम हे न केलेल्या कामापेक्षा फारसे बरे नसते.

पाकिटे देण्याचे काम आपल्या आधी सरकारने आरंभिले आहे. २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ग्रामीण मुलींना सहा नॅपकिनांचे पाकीट सहा रुपयांस देण्याची योजना काढली. महाराष्ट्र शासनाची ‘अस्मिता’ योजना २०१८ च्या ८ मार्चला सुरू झाली. तीत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांस द्यावयाचे ठरले होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडेही उत्साहवर्धक आहेत. १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी पाळीत स्वच्छ साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण देशभरात २०१५-१६ साली सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ७७ टक्क्यांवर गेले. तथापि ही पाहणी साधन कोणते एवढेच विचारते. ते किती तास वापरले, कोठे धुतले, कोठे वाळविले, कोठे टाकले, हे त्या आकड्यात येत नाही. आणि याच पाहणीत जवळजवळ निम्म्या तरुणी कापडही वापरतात असे दिसले आहे, हे आकडा सांगताना बहुधा सांगितले जात नाही.

आता माण तालुक्यातील एखाद्या वाडीवरची मुलगी डोळ्यांपुढे आणा. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे तिला एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो आणि ती म्हसवडच्या किंवा दहिवडीच्या हायस्कुलात शिकते. सकाळी साडेआठला ती घर सोडते. शाळा अकरा ते पाच. परतीची गाडी मिळून घरी पाय टाकावयास सात वाजतात. म्हणजे साडेदहा तास. पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलावे, स्राव थोडा असला तरी बदलावे, असे डॉक्टर सांगतात. कारण ओलावा, शरीराची ऊब आणि घर्षण ही तिन्ही एकत्र आली की त्वचा सोलवटते, पुरळ उठते, खाज सुटते व जंतूंस अनुकूल स्थिती निर्माण होते. या मुलीने शाळेत निदान एकदा, खरे तर दोनदा, पॅड बदलावयास हवे. ती बदलत नाही. शौचालयाच्या दाराला कडी नसते, किंवा कडी असली तर आत पाणी नसते, पाणी असले तर वापरलेले पॅड टाकावयास झाकणाची बादली नसते, आणि सर्व काही असले तर किल्ली शिपायाकडे असते. शिपायाकडे किल्ली मागण्यापेक्षा ती मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे यांतून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात हे वेगळे सांगावयास नको.

अशा मुलीला आपण उत्तमांतले उत्तम पॅड दिले, तरी ते साडेदहा तास अंगावर राहणार. मग पाळी संपल्यावर तिला खाज सुटली की घरात म्हणावयाचे, ‘ही विकतची पॅडे बाधतात, आमचे जुने बरे होते.’ दोष साधनाचाही नसतो आणि मुलीचाही नसतो. साधन कसे काम करते हे कोणी तिला सांगितलेलेच नसते.

सांगणे कठीण नाही. विज्ञानाच्या तासाला शिक्षिकेने एक नवे पॅड कात्रीने कापून मुलींपुढे ठेवावे. वरचा सच्छिद्र थर, मधला लाकडाच्या लगद्याचा कापूस, त्यात मिसळलेले दाणेदार रसायन, तळाशी पाणी न झिरपू देणारा प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली चिकटपट्टी, असे त्याचे थर असतात. त्या दाण्यांवर चमचाभर पाणी घातले की ते फुगून साबुदाण्याच्या खिरीसारखे होतात. हे पाहिल्यावर मुलींना दोन गोष्टी आपोआप कळतात. एक म्हणजे पॅड कोरडे वाटले तरी ओलावा आतच साठलेला असतो. दुसरी म्हणजे ही वस्तू शौचालयाच्या भांड्यात टाकली तर फुगून नळ तुंबविणारच. शिक्षिकेने पुढे एक मोजमापही दाखवावे. एका पाळीत होणारा रक्तस्राव सर्वसाधारणतः तीस ते चाळीस मिलिलिटर, म्हणजे फार तर दोन-तीन मोठे चमचे असतो; ऐंशीपर्यंतही तो स्वाभाविकच मानतात. मुलींना, आणि त्यांच्या मातांनाही, तो याच्या कितीतरी पट वाटतो. जाहिरातीत निळे पाणी पेल्याने ओतून दाखवितात, त्याने हा गैरसमज दृढच होतो. आणि जे पॅड एवढे शोषते ते दिवसभर चालेल, अशी समजूत त्यातून उत्पन्न होते.

अधिक शोषणारे साधन ते अधिक चांगले, ही समजूत किती घातक ठरू शकते याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. आपल्याकडे टॅम्पॉन नावाचे, शरीराच्या आत ठेवावयाचे साधन फारसे रूढ नाही. तिकडे ते घरोघर आहे. १९७०-८० च्या दशकात कंपन्यांत शोषणशक्तीची स्पर्धा लागली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ‘रिलाय’ नावाचे टॅम्पॉन बाजारात आणले. त्यात कृत्रिम फेसाचे तुकडे व एक अतिशोषक द्रव्य होते, आणि बदलावयास न लागणे हाच त्याचा मोठा गुण मानला गेला. १९८० साली तरुण, निरोगी स्त्रिया पाळीच्या दिवसांत एकाएकी तीव्र ताप, अंगावर लाली, रक्तदाब खाली जाणे अशा लक्षणांनी आजारी पडू लागल्या. रुग्ण शेकड्यांनी निघाले, काही दगावल्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे विष रक्तात भिनल्यामुळे हा विकार होतो आणि फार शोषणारी टॅम्पॉने दीर्घकाळ आत राहिल्याने तो बळावतो, असे तपासात आढळले. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने आपला माल परत घेतला. पुढे १९९० पासून तेथे प्रत्येक पाकिटावर शोषणशक्तीची ठरावीक श्रेणी छापणे सक्तीचे झाले, आणि गरजेपुरतीच कमीत कमी श्रेणी घ्या, आठ तासांपलीकडे ठेवू नका, असे स्त्रियांना शिकविण्यात आले. पॅड बाहेरून वापरावयाचे असल्याने त्याला हा धोका जवळजवळ नाही. कोणी घाबरून जाऊ नये. परंतु तेथील स्त्रियांना जे शिकविण्यासाठी एवढा अनर्थ व्हावा लागला ते आपल्या मुलींना अनर्थावाचून शिकविता येईल.

मोठ्या बहिणी कॉलेजात गेल्या की आता सिलिकोनच्या कपविषयीही ऐकतात. सांगली-मिरजेच्या वसतिगृहांतून त्याची चौकशी होते असे आम्हांस कळले. कप वाईट नाही. वर्षानुवर्षे चालतो, कचरा होत नाही. मात्र तो प्रत्येक पाळीपूर्वी उकळावा लागतो, हात साबणाने धुतल्याखेरीज त्याला स्पर्श करू नये आणि बारा तासांहून अधिक तो आत ठेवू नये. ज्या वसतिगृहात मुलीला स्वतःचे पातेले गॅसवर ठेवावयाची सोय नाही तेथे कपाची शिफारस करणे म्हणजे केवळ फॅशन होय.

दुसरा एक भयगंड अलीकडे पसरला आहे, त्याविषयीही सांगितले पाहिजे. २०२२ साली दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातील दहा पॅडचे नमुने तपासले आणि त्या सर्वांत थॅलेट नावाची, प्लास्टिक मऊ करणारी रसायने आढळल्याचे प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून मथळे झळकले. त्या दहांत ‘नैसर्गिक’ आणि ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकली जाणारी पॅडेही होती, ही गोष्ट मथळ्यांत आली नाही. आमचे मत असे की, ही तपासणी सरकारने व कारखानदारांनी मनावर घेण्यासारखी आहे. असल्या रसायनांना मर्यादा घालणे हे मानके ठरविणाऱ्यांचे काम आहे. पण त्यावरून मुलींना पॅडची भीती घालणे अन्यायाचे होईल. साडेदहा तास न बदललेल्या पॅडचा त्रास आजचा आणि खात्रीचा आहे. मुलीला भीती नको, पारख द्या. पाकिटावर भारतीय मानक संस्थेचे आय.एस. ५४०५ हे चिन्ह आहे काय? शोषणक्षमता, आम्लता, जंतुसंख्या यांच्या कसोट्या त्या मानकात आहेत. उत्पादनाची तारीख, मुदत आणि घटक छापले आहेत काय? वास घातलेले पॅड घेऊ नये. त्या सुगंधाने नाजूक त्वचेला खाज सुटते आणि दुर्गंधीचे खरे कारण झाकले जाते. ‘नैसर्गिक’ या शब्दाला पुरावा समजू नये. आणि पाकीट न्हाणीघरात न ठेवता कोरड्या फडताळात ठेवावे. एवढे वाचावयास आठवीची मुलगी पुरेशी आहे. आपल्या किती घरांत औषधाच्या बाटलीवरची मुदत तरी पाहतात, ते असो.

आता कापडाविषयी. आमच्या वयाच्या बहुतेक भगिनी कापडावर वाढल्या आणि कापड हे अडाणीपणाचे लक्षण आहे असे आम्ही मानीत नाही. स्वच्छ, जुने, मऊ सुती कापड हे चांगले साधन आहे. धुऊन पुन्हा वापरावयाच्या कापडी पॅडांसाठी २०२१ साली भारतीय मानकही निघाले आहे. घात होतो तो वाळविण्यात. घडी धुतली जाते, पण दोरीवर जात नाही. ती परकराखाली, पलंगाच्या मागे, गोठ्याच्या कुडाला, जेथे कोणाची नजर आणि सूर्याचा किरण पोहोचणार नाही तेथे जाते. दमट राहिलेले कापड पुढच्या महिन्यात अंगाला लागते. २०१५ साली ओडिशातील भुवनेश्वर व राऊरकेला येथील रुग्णालयांत आलेल्या ४८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुनःपुन्हा वापरावयाचे कापड घेणाऱ्यांत जननमार्गाच्या व मूत्रमार्गाच्या तक्रारी अधिक आढळल्या. त्याचबरोबर ज्यांच्या घरी अंगधुणीसाठी स्वतंत्र आडोसा होता त्यांना काही विकारांपासून संरक्षण मिळालेले दिसले. म्हणजे कापड आणि आडोसा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर हा धडा एकाच पुस्तकातून शिकविता येणार नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या भागांत पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. तेथे कापड वाळणारच नाही, म्हणून ते गरम इस्त्रीने पूर्ण कोरडे करावे अथवा त्या चार महिन्यांत पॅड वापरावे, असे सांगितले पाहिजे. उलट माण, खटाव, जत, आटपाडी येथे उन्हाला तोटा नाही, तोटा पाण्याला आहे. टँकरच्या दिवसांत जे पाणी येते त्यातून आधी पिणे, मग जनावरे, मग स्वयंपाक. मुलीच्या कापडाला शेवटची वाटी. तेथे आधी गार पाण्यात भिजवून मग साबण लावावा, म्हणजे कमी पाण्यात डाग जातो, हे सांगावे. आणि कापड फिक्या रंगाचे घ्यावे, म्हणजे ते निघाले की नाही हे दिसते. नायलॉनच्या साडीचे तुकडे मुळीच घेऊ नयेत. हे ज्ञान आपल्या आज्यांना होते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण त्यांना बोलण्याची मुभा नव्हती.

पुराची गोष्ट थोडक्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरले. आपल्यापैकी कित्येकांची घरे त्यात होती. मदतीच्या ट्रकांतून भाकरी, चादरी आणि पॅडची पाकिटेही आली. देणाऱ्यांचे उपकार आहेत. पण छावणीत शेकडो माणसे एका वर्गखोलीत असताना पॅड बदलावे कोठे आणि टाकावे कोठे, हे ट्रकातून येत नाही. भिजलेले पाकीट वाळवून वापरू नये, पुराच्या पाण्यात कापड धुऊ नये, हेदेखील तेव्हा कोणी सांगितले पाहिजे. ज्या गावांना कृष्णा-वारणेचे पाणी ठाऊक आहे त्या गावांच्या शाळांत हा धडा जूनमध्येच व्हावा.

आता विल्हेवाट. पॅड उघड्यावर जाळले की त्यातील प्लास्टिकचा विषारी धूर होतो, पुरले तर ते वर्षानुवर्षे कुजत नाही, ओढ्यात टाकले तर तो ओढा आपल्याच गावाचा असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हा कचरा गुंडाळून वेगळा देण्याची अट घातली आणि त्यासाठी वेष्टन पुरविण्याची जबाबदारी कारखानदारांवर टाकली. पुण्यातील कचरावेचक भगिनींच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने आग्रह धरला होता की, पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला ते हाताने उघडावे लागणार नाही. तो ठिपका काढण्यास दोन सेकंद लागतात. त्याने कोणा एका स्त्रीचा हात आणि तिचा मान राखला जातो. आणि ती स्त्री कोणत्या वस्तीतून येते हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नसावी. आपल्या जवळचे उदाहरण कऱ्हाडचे आहे. तेथील नगरपरिषदेने हा कचरा वेगळा गोळा करून दवाखान्यांच्या कचऱ्याबरोबर उच्च तापमानाच्या भट्टीत जाळण्याची व्यवस्था केली. काही शाळांतून विजेवर चालणारी छोटी भट्टी बसवितात. ती पुरेशी तापत नसेल तर धूर वर्गातच येतो. म्हणून देणगीदाराचे नाव कोरण्यापूर्वी तिचे तापमान पाहून घ्यावे.

एक गोष्ट सांगावयाची म्हणून आम्ही मुद्दाम मागे ठेविली होती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या क्षेत्रात येतात. आपल्यापैकी अनेकांचा ऊस त्यांच्याच हातांनी तोडला जातो. २०१९ साली विधिमंडळात बीडमधील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी आवाज उठला आणि शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली होती. त्यांतील कित्येकी चाळिशीच्याही आतल्या होत्या. यामागे दारिद्र्य आहे, खाड्याच्या दंडाची भीती आहे, काही वैद्यकव्यावसायिकांचा लोभ आहे. सारा दोष अज्ञानाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. परंतु उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी, पाळीत एकच कापड दिवसभर, त्यातून अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, आणि मग ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला, ही साखळी पुष्कळ ठिकाणी आढळली आहे. साध्या औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग आणि गर्भाशय काढावे लागेल असा आजार यांत फरक असतो, एवढे ज्या स्त्रीला शाळेत कळले असेल ती निदान दुसऱ्या डॉक्टराला विचारील. त्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुली हंगामात आपल्याच गावच्या शाळेत किंवा साखरशाळेत बसतात. आपण जो धडा सुरू करू त्यातून त्या वगळल्या जाऊ नयेत. ठरावात ‘ज्ञातीतील मुलींना’ असे शब्द आहेत. त्यांविषयी आम्ही शेवटी बोलणार आहोत.

कोणी म्हणेल, हे सारे घरी आईने सांगावे, शाळेत कशाला? आई सांगत असती तर आम्हांलाही हा विषय घ्यावा लागला नसता. आपल्या घरांतील आई मुलीला पहिल्या पाळीला काय सांगते? देवघरात जाऊ नकोस, लोणच्याला हात लावू नकोस, भावाला कळू देऊ नकोस. चार तासांनी बदल, हे सांगत नाही, कारण तिलाही ते कोणी सांगितलेले नाही. शिवाशिवीविषयी ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्यापाशी राहो. आज तो वाद आम्ही काढीत नाही. पण कापड उन्हात वाळू न देणारी शिवाशीव आरोग्याला बाधते, तेथे मौन पाळता येत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि त्यापायी पुढे त्यांना कोर्टात खेचले गेले. ते मासिक निघाल्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच राज्यात शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा अभ्यासक्रम गदारोळ होऊन थांबविण्यात आला. तेव्हा ‘शाळेत कशाला’ हा प्रश्न जुना आहे.

आज दार बंद नाही. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. शासकीय रुग्णालयांत मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची सल्लाकेंद्रे निघाली. २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून तयार करावयाची योजना आहे आणि त्यासाठी आठवड्यातून एक तास राखावयाचा आहे. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींसाठी एकसारखे राष्ट्रीय धोरण करण्यास केंद्रास सांगितले. तेव्हा परवानगी कोणाची मागावयाची हा प्रश्न उरला नाही. आपल्या गावच्या शाळेत ते दोन शिक्षक कोण आहेत आणि तो तास वेळापत्रकात दिसतो काय, हे शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या आपल्या बंधूंनी सोमवारी जाऊन विचारावे. पुष्कळ ठिकाणी त्या तासाला गणित चालते.

मुलांचे काय? मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन दार लावून शिकविण्याची जी पद्धत आहे तिने मुलांच्या मनात कुतूहल आणि चेष्टा यांखेरीज काही उरत नाही. साधनाचा प्रत्यक्ष वापर मुलींना स्वतंत्रपणे शिकवावा हे योग्यच. पण पाळी म्हणजे काय, शौचालयात पाणी व बादली का लागते, लाल ठिपक्याची पुडी म्हणजे काय, हे मुलांनाही सांगितले पाहिजे. उद्या घरात पाण्याची व्यवस्था तेच करणार आहेत आणि पंचायतीत शौचालयाचा खर्च मंजूर करणारेही पुष्कळदा तेच असणार आहेत. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. ३ जानेवारीला आपण तेथे हार घेऊन जातो. त्या दिवशी मुलांच्या वर्गातही हा तास घेता येईल.

शिक्षिकांना काय सांगावे याची टिपणे आम्ही तयार केली आहेत. त्यांत डॉक्टराकडे केव्हा जावे याचे एक पान आहे. पाळी सात दिवसांपलीकडे लांबणे, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणे, ताप व दुर्गंधी, पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच न येणे, आणि सतत थकवा व फिकटपणा, यांपैकी काहीही असल्यास ‘लग्न झाले की बरे होईल’ म्हणू नये. दाखवावे.

आता ठरावाला आमची उपसूचना. ‘ज्ञातीतील मुलींना’ या शब्दांऐवजी ‘निवडलेल्या शाळांतील सर्व मुलींना’ असे शब्द घालावेत. कारण एका वर्गात काहींना पाकीट आणि काहींना नाही, असे करणाऱ्या मंडळाचे नाव आम्हांस त्या शाळेत नको आहे. निधीचा निम्मा भाग पाकिटांसाठी ठेवावा आणि उरलेल्या निम्म्यातून दहा शाळांच्या मुलींच्या शौचालयांना आतून कडी, कपडे अडकविण्याची खुंटी, नळ, झाकणाची बादली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवावयाचे फडताळ करून द्यावे. किल्ली वर्गशिक्षिकेकडे राहील ही मुख्याध्यापकांची लेखी हमी आधी घ्यावी. पाकिटांचे वाटप प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने घेतलेल्या तासानंतरच व्हावे, छायाचित्रासाठी मुलींना रांगेत उभे करू नये, आणि वर्षातून एकदा त्याच शाळेत मातांची बैठक महिला शाखेने घ्यावी. दहांपैकी चार शाळा माण व जतच्या असाव्यात.

उपसूचनेची लेखी प्रत कार्यवाहांकडे दिली आहे. मिरज शाखेच्या भगिनी तिला अनुमोदन देतील. ती जेवणाच्या सुटीपूर्वी मतास टाकावी. म्हसवडकडील भगिनींची गाडी चारला सुटते आणि मत देऊनच जावयाचे असे त्यांनी ठरविले आहे.